तारीख की तारखेचा मजकूर?

आज मी जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एकाच चुकीबद्दल बोलणार आहे, कारण ती नवख्याइतकीच अनुभवी प्रोग्रॅमरलाही गाठते आणि दुरुस्त करताना बहुतेक जण भलत्याच जागी हात घालतात. ग्रंथालयाच्या देवघेवीचे एक छोटे अ‍ॅप डोळ्यांसमोर आणा. सर्व्हरकडून पुस्तकाची नोंद येते, तिच्यातल्या परतीच्या तारखेवर आपण वर्ष काढून देणारे ‘गेटफुलइयर’ चालवतो आणि कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरच्या संदेशखिडकीत, लाल अक्षरांत ‘टाइपएरर’ (मूल्याचा प्रकार चुकल्याची तक्रार) उमटतो: गेटफुलइयर हे फंक्शन नाही. वाचणाऱ्याला वाटते, फंक्शनचे नाव चुकले. नाव बरोबरच असते. ज्याला आपण तारीख समजत होतो ती तारीख नसते, तर तारखेसारखी दिसणारी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर असतो.

हे घडते कसे? जावास्क्रिप्टमधली खरी तारीख, म्हणजे डेट ऑब्जेक्ट, आतून एकच संख्या सांभाळतो: १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद लोटले. सर्व्हर आणि अ‍ॅप ज्या मजकुरी स्वरूपात माहिती पाठवतात त्या जेसनमध्ये मात्र तारीख असा प्रकारच नाही. त्यामुळे जेसन बनवणारे ‘स्ट्रिंगिफाय’ तारखेचा आयएसओ पद्धतीचा (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस) मजकूर करून टाकते आणि जेसन वाचणारे ‘पार्स’ तो मजकूर मजकूर म्हणूनच परत देते, कारण हा कधीकाळी डेट होता असे सांगणारी कोणतीही खूण त्याच्यावर उरलेली नसते. लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात, ठेवलेल्या तारखेचेही हेच होते. नवा ऑब्जेक्ट करणारा ‘न्यू’ हा शब्द न लिहिता ‘डेट’ चालवले तरी हाती स्ट्रिंगच येते, आणि दिवस बदलणारे ‘सेटडेट’ बदललेली तारीख परत न देता मिलिसेकंदांची संख्या देते, म्हणून त्यालाच पुढे ‘गेटमंथ’ जोडले की पुन्हा तोच टाइपएरर.

इथे बरेच जण जिथे एरर दिसला तिथेच ‘न्यू डेट’चे ठिगळ लावतात आणि पुढे जातात. मला ही सवय घातक वाटते. ती नोंद अ‍ॅपमध्ये आणखी दहा ठिकाणी वापरलेली असते. कुठे ती स्ट्रिंग राहते, कुठे डेट होते, आणि काही आठवड्यांनी कुठे काय आहे हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. टाइपस्क्रिप्ट, म्हणजे प्रकार लिहून ठेवता येणारी जावास्क्रिप्ट, वापरणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे. ‘पार्स’चा परतावा ‘एनी’ (काहीही चालेल अशा) प्रकारचा असतो, त्यामुळे इंटरफेसमध्ये, म्हणजे नोंदीच्या आराखड्यात, ‘डेट’ लिहिले की प्रकार तपासणारा कंपायलर निमूटपणे विश्वास ठेवतो. ‘अ‍ॅज डेट’ असे बजावल्याने प्रोग्रॅम चालताना त्या मूल्यात तसूभरही फरक पडत नाही. म्हणून सर्व्हरचे उत्तर ज्या एका फंक्शनमधून आत येते, त्याच उंबरठ्यावर रूपांतर करावे: बाहेरच्या नोंदीत तारीख ‘स्ट्रिंग’ म्हणून प्रामाणिकपणे लिहावी, आतल्या नोंदीत ‘डेट’ म्हणून. आणि तिथेच ती वैध आहे का हेही पाहावे, कारण वाचता न येणारा मजकूर दिला तर ‘न्यू डेट’ तक्रार न करता ‘इनव्हॅलिड डेट’ देते. तोही डेट ऑब्जेक्टच असल्यामुळे ‘इन्स्टन्सऑफ’च्या (हा डेट आहे का, या) तपासणीतून सुटतो, त्याची मिलिसेकंदांची संख्या देणारे ‘गेटटाइम’ एनएएन (‘संख्या नाही’) आहे का, हे विचारले तरच तो सापडतो.

एरर थांबला म्हणजे तारीख बरोबर झाली, असेही नाही. माझ्याच एका कामात परतीची तारीख १५ ऑगस्ट निवडली की नोंदीत १४ ऑगस्ट जात असे, आणि वेळेवर आलेल्या वाचकाला दंड लागत असे. शोधायला मला जवळजवळ दोन दिवस लागले. वर्ष, महिना आणि दिवस असे तीन आकडे देऊन केलेली तारीख भारतीय वेळेच्या मध्यरात्रीची असते. तारखेचा आयएसओ मजकूर करणारे ‘टूआयएसओस्ट्रिंग’ ती यूटीसीत लिहिते, म्हणजे साडेपाच तास मागे, १४ ऑगस्टचे १८:३०. त्या मजकुराची पहिली दहा अक्षरे कापून मी डेटाबेसमध्ये टाकत होतो. उलट, ‘२०२४-०८-१५’ अशी नुसती तारीख ‘न्यू डेट’ला दिली तर ती यूटीसी मध्यरात्र मानली जाते, मुंबईत तेव्हा १५ तारखेचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, पण न्यूयॉर्कमध्ये १४ तारखेची संध्याकाळच असते. आपल्याकडची ‘०५/०८/२०२४’ ही ५ ऑगस्टची नोंद ब्राउझर ८ मे म्हणून वाचतो, तेही एकही एरर न देता.

दोष मुळातला आहे. परतीच्या तारखेला घड्याळ नसते. डेट ऑब्जेक्टला मात्र क्षणाशिवाय दुसरे काही ठाऊकच नाही. १९९५ साली जावास्क्रिप्ट घाईने तयार झाली तेव्हा तारखेची रचना जावा या वेगळ्या भाषेच्या तत्कालीन डेट क्लासवरून उचलली गेली, आणि महिने शून्यापासून मोजण्याची पद्धतही तिथूनच आली. जावास्क्रिप्टच्या ‘टेम्पोरल’ या नव्या रचनेत नुसत्या दिवसासाठी ‘प्लेनडेट’ आणि क्षणासाठी ‘इन्स्टंट’ असे वेगळे प्रकार आहेत, महिने एकपासून मोजले जातात, आणि दोन प्लेनडेट लहान-मोठ्याच्या चिन्हाने ताडून पाहू गेलात तर मुद्दाम टाइपएरर येतो; त्यासाठी ‘कंपेअर’ वापरावे लागते. फायरफॉक्सने मे २०२५ मध्ये १३९ व्या आवृत्तीत तिला जागा दिली. तुमच्या वापरकर्त्यांच्या सगळ्या ब्राउझरांत ती नसेल, तर पॉलिफिल, म्हणजे ती उणीव भरून काढणारा जोड-कोड, घेऊन ग्रंथालयाच्या त्या एका परतीच्या तारखेपासून सुरुवात करता येते.