मान बी मोडून दे भो

हे जळगाव जिल्ह्यातलं सावदा, सकाळचे सात. केळीचा एकेक घड वीस-पंचवीस किलोचा, आणि हे दादा असे घड बागेतून ट्रकपर्यंत दिवसभर वाहतात, डोक्यावर चुंबळ नि मान ताठ. संध्याकाळी मान धरते, मग पाय आपोआप सलूनकडे. कटिंग झाली, चंपी झाली की फर्माईश ठरलेली, "मान बी मोडून दे भो."

आता हात बघा. एक तळवा हनुवटीखाली, दुसरा कानामागे, बोलता बोलता डोकं हळूहळू डोलवायचं, गिऱ्हाईक सैल पडलं की एकदम... कट्ट. परत स्लो करून दाखवतो. खुर्चीतला माणूस हसतोय, त्याला वाटतं मणका जागेवर बसला. मणका कुठे गेलेलाच नव्हता! सांध्यातल्या पाण्यात गॅसची पोकळी होते, आवाज तिचा, बोटं मोडतो तसाच.

ह्याचंच टेबलावरचं रूप म्हणजे कायरोप्रॅक्टिक, रील्समध्ये माइक लावून कटकट ऐकवतात ते. अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्टला १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामरने सुरू केलं, हा माणूस आधी किराणा दुकान चालवायचा. पहिला पेशंट कमी ऐकू येणारा, पाठीचा मणका दाबला नि त्याला ऐकू यायला लागलं असं पामर सांगायचा. आता कानाची नस कवटीतून थेट मेंदूत जाते, पाठीत तिचं काय काम, पण असो.

ही ठिबकची नळी आणि ही सहा कडी. मानेच्या वरच्या सहा मणक्यांना दोन्ही बाजूंनी भोकं असतात, त्यातून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी धमनी अशी ओवलेली असते. वरच्या कड्यावरून ती वळसा घेऊन कवटीत शिरते, आणि मान वळते त्यातलं जवळपास निम्मं वळणं ह्याच वरच्या दोन मणक्यांत. वरचं कडं झटक्याने फिरवलं की नळीचं काय होतं ते बघा. आतलं अस्तर फाटलं तर गुठळी होते, गुठळी मेंदूत गेली की स्ट्रोक, म्हणजे पॅरालिसिस, कधी जीवही जातो. क्वचित होतं, पण होतं.

दुसरी बाजूपण आहे. कॅनडातल्या ओंटारिओत अशा स्ट्रोकच्या ८१८ पेशंटचा अभ्यास २००८ ला आला, त्यात कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आलेले होते तसे मान न पिळणाऱ्या साध्या डॉक्टरकडे जाऊन आलेलेही होते. म्हणजे काहींची धमनी आधीच फाटलेली असावी आणि मान दुखते म्हणूनच ते दाखवायला गेले असावेत. पण मग तर अशी मान कोणी पिळायलाच नको ना!

मान किंवा डोकं कधी दुखलं नाही असं अचानक दुखलं, चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, झोक जाणं, तर मालिश नाही, थेट मोठा दवाखाना, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच चालतं.

ही नळी आम्ही सलूनवाल्या भाऊंनापण दाखवली. ते दोन मिनिटं फिरवून बघत बसले, म्हणे, "खरंय, पण गिऱ्हाईक मागतं त्याचं काय करू?" आम्ही ट्रायपॉड आवरेस्तोवर खुर्चीत पुढचा बसला होता, मान सैल सोडून.