गणपतीची गाडी आणि उमेदवाराची वही

अध्यक्षमहाराज आणि मालवणकर मंडळी, निवडणुकीतल्या पैशाचा विषय निघाला की आपण थेट दिल्लीला, नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी देण्याच्या निवडणूक रोख्यांपर्यंत जाऊन पोहोचतो. मी मात्र आपल्या तिठ्यावर येऊन थांबणाऱ्या बसपासून सुरुवात करणार आहे, कारण कायद्यातली सर्वांत मोठी फट मला तिथे दिसली.

२०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. दोन दिवस आधी भल्या पहाटे आमच्या तिठ्यावर मुंबईची बस लागली आणि तिच्यातून माझा पुतण्या मुलाबाळांसह उतरला. तिकीट कोणालाच काढावे लागले नव्हते, आणि पुढच्या काचेवर एका इच्छुकाचा हात जोडलेला फोटो होता. चाकरमानी गणपतीला घरी पोहोचला याचा मला आनंदच आहे. रेल्वेच्या आरक्षणाचे हाल इथल्या प्रत्येक घराने सोसले आहेत. पण १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि मी हिशेबातला माणूस म्हणून माझी नेमणूक खर्च तपासणीच्या पथकात झाली. सभेचे चित्रीकरण पाहून खुर्च्या मोजायच्या, मंडप, ध्वनिक्षेपक, चहा, वडापाव यांना ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे दर लावायचे आणि ती बेरीज उमेदवाराच्या खर्चाच्या वहीशी ताडून पाहायची, हे आमचे काम. एका सभेतल्या खुर्च्या दोनशे की अडीचशे, यावर उमेदवाराच्या प्रतिनिधीशी आमचा पाऊण तास वाद चालला होता. त्याच संध्याकाळी मी वरिष्ठांना त्या बसविषयी विचारले. ते म्हणाले, "अर्ज भरण्याआधीचा खर्च आपल्याकडे येत नाही."

त्यांचे म्हणणे कायद्याला धरून होते, आणि माझे दुःख तेच आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ७७ उमेदवारी दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचाच हिशेब मागते. त्याच कायद्याच्या कलम १२३ नुसार, मतदाराला मतदान केंद्रावर फुकट नेण्यासाठी उमेदवाराने गाडी किंवा होडी ठरवली, तर ते भ्रष्ट आचरण ठरते. म्हणजे मतदानादिवशी खाडीपलीकडच्या चार म्हाताऱ्यांसाठी होडी ठरवली तर निवड रद्द होऊ शकते, आणि अडीच महिने आधी मुंबईहून गावेच्या गावे आणली तर त्याची कुठे ओळसुद्धा उमटत नाही. भजनी मंडळाला दिलेला पखवाज आणि क्रिकेटच्या स्पर्धेचा चषकही याच मोकळ्या काळात वाटले जातात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून उरलेले भरभर सांगतो. आपल्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरला, तेव्हा लगोलग कायदा बदलून तो वगळण्यात आला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि कंपन्यांच्या देणग्यांवरची काढून टाकलेली मर्यादाही त्याच निकालाने परत आली. तरी वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव पक्षाला आजही आयोगाला कळवावे लागत नाही.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे: पक्षाच्या खर्चाला मर्यादा असावी, आणि उमेदवाराची वही सभागृहाची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी उघडावी. तसे निवेदन दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहे. वाचून पटले तर सही करा.