जीन आधी कोणाचा? कोर्ट काय बघतं

नमस्कार मंडळी. पाषाण, गणेशखिंड, हडपसर, पुण्यात जिथे जिथे पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं) चालू आहे, तिथल्या पोरापोरींसाठी आजचा व्हिडिओ. ‘या जीनचा क्रम, म्हणजे त्यातली रासायनिक अक्षरं कोणत्या ओळीनं येतात ते, आम्ही आधी लावला’ असं म्हणायला काही लागत नाही. कोर्टात ते सिद्ध कसं करतात, ते बघू.

बेल्जियममधल्या घेंटचे वॉल्टर फिअर्स. एखाद्या जीनचा पूर्ण क्रम जगात पहिल्यांदा लावला तो यांच्याच गटानं, १९७२ साली, एमएस-टू विषाणूतला. आणि हाच माणूस पुढे बीटा इंटरफेरॉन या विषाणूंशी लढणाऱ्या प्रथिनाच्या जीनवरून अमेरिकेत पेटंटचा वाद हरला!

दावेदार तीन. इस्रायलचे रेवेल, अर्ज २१ नोव्हेंबर १९७९. जपानचे सुगानो, १९ मार्च १९८०. फिअर्स, ३ एप्रिल १९८०. तुम्ही म्हणाल, रेवेल पहिले, मिटलं की! पण त्यांच्या अर्जात जीन वेगळा काढायची पद्धत होती, पूर्ण क्रम नव्हता. त्यामुळे ती तारीख त्यांच्या कामी आली नाही.

फिअर्सचं दुखणं वेगळं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात शोधाची तारीख ठरवताना परदेशातल्या लॅबमधलं काम धरतच नसत. घेंटमधल्या प्रयोगांच्या वह्या भरलेल्या असोत नाहीतर कोऱ्या, सारख्याच. मग त्यांनी मुद्दा काढला: माझी पद्धत दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी आधीच अमेरिकेत नेली होती, तीच तारीख धरा. १९९३ मध्ये फेडरल सर्किट कोर्टानं, म्हणजे तिथल्या पेटंटच्या अपील कोर्टानं, हे मानलं नाही. डीएनए हा रासायनिक पदार्थ आहे. त्याची रचना किंवा तो नेमका ओळखता येईल असे गुणधर्म माहीत होईपर्यंत तो तुम्हाला ‘सुचला’ असं धरत नाहीत. नुसता बेत पुरत नाही. सुगानो जिंकले, फिअर्सच्या पंधरा दिवस आधी पूर्ण क्रम अर्जात दिला म्हणून. मला विचाराल तर निकाल कडक आहे, पण बरोबर आहे. नाहीतर बेत लिहून ठेवणारा प्रत्येक जण जीनचा मालक झाला असता.

(वही कॅमेऱ्यासमोर धरत) आता हे पान बघा. शाईनं लिहिलंय, तारीख आहे, खाली उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारलीय, म्हणजे मागाहून काही घुसडता येणार नाही. आणि ही दुसरी सही बघा, ‘वाचलं, समजलं’ असं लिहून केलेली. ही सही सहसंशोधकाची नको. अशा वादात संशोधकाच्या स्वतःच्या शब्दावर कोर्ट विसंबत नाही, बाहेरचा दुजोरा लागतो. सँगर सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनएचा क्रम वाचायच्या पद्धतीची, मशीनमधून येणारी मूळ एबी-वन फाइलही जपा, तिच्यात रनची तारीख-वेळ असते. लोक क्रम वर्डमध्ये चिकटवतात आणि मूळ फाइल उडवतात. अरे, असं करू नका रे!

अर्थात ‘आधी शोध कोणाचा’ हा हिशेब अमेरिकेनंही १६ मार्च २०१३ पासूनच्या नव्या अर्जांसाठी बंद केला. आपल्याकडे अर्जाचीच तारीख चालते. म्हणून परिषदेत पोस्टर लावायच्या आधी अर्ज टाका. मग वही कशाला? तुमचं काम कोणी ढापून स्वतःच्या नावानं अर्ज केला, तर पेटंट कायद्याच्या कलम २५ खाली विरोध करता येतो. तिथे वही लागते.

जिवाणूवर काम असेल तर आपल्या पुण्यातच एनसीएमआर ही सूक्ष्मजीव जपून ठेवणारी राष्ट्रीय संस्था आहे, बुडापेस्ट करारानुसार (पेटंटसाठी सूक्ष्मजीवांचे नमुने ठेवण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) मान्यता असलेली. तिथे नमुना ठेवला की तारखेसकट पावती मिळते.

आणि हो, निसर्गात आहे तसा जीन नुसता वेगळा काढला तर आता अमेरिकेतही पेटंट नाही. जून २०१३ मध्ये मिरियड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं. आपल्याकडे कलम ३(क) आडवं येतं, निसर्गातल्या वस्तूचा नुसता शोध चालत नाही. तेव्हा वहीत क्रम लिहाल, त्याच्याच शेजारी तुम्ही त्यात काय बदललं, कधी बदललं, तेही लिहा आणि त्यावरही ती दुसरी सही घ्या.