ठराव लिहिताना न अडणारं पेन

नमस्कार श्रोतेहो.

सभेत अध्यक्ष बोलता बोलता थांबतात. चष्मा काढून पुसतात. संचालक आपसांत हळू आवाजात काहीतरी ठरवत असतात. मी कच्ची वही उघडून, पेन हातात धरून बसलेला असतो. दोन मिनिटं जातात, आणि एकदम शब्द येतात, "घ्या लिहून, ठराव क्रमांक सात." मी पेन टेकवतो, आणि 'ठ'चा वरचा दांडा उमटतच नाही. कागदावर नुसता ओरखडा. खालचा गोल निम्मा झाल्यावर शाई येते, तोवर पुढचं वाक्य बोलून झालेलं असतं.

चिपळूणच्या एका पतसंस्थेत मी गेली २२ वर्षं सभांची इतिवृत्तं लिहितो आहे. आधी कच्च्या वहीत टिपून घ्यायचं, मग सवडीनं प्रोसिडिंग बुकात पक्कं उतरवायचं. सभा दोन-अडीच तास चालते. तेवढा वेळ बॉलपेन दाबून लिहिलं की माझ्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. शाईपेन दाबावं लागत नाही, नुसतं टेकवलं की पुरतं, म्हणून मी शाईपेनाकडे आलो आणि तिथेच राहिलो. आता ओळखीतली मुलं विचारतात, काका, रोज टिपणं काढायला कोणतं शाईपेन घेऊ? कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतंय, कुणी कॉलेजात आहे, एक मुलगी वकिलीची उमेदवारी करते आहे. त्यांना जे सांगतो तेच आज तुम्हाला सांगतो.

पेनाचं नाव मी लगेच सांगत नाही. आधी त्यांना त्यांची वही आणायला सांगतो आणि तीत चार ओळी लिहायला लावतो. ते लिहीत असताना मी हाताकडे बघतो.

आपण मराठी लिहिताना हात किती वेळा उचलतो, कधी मोजलंय? 'ठराव' हा एवढासा शब्द. 'ठ'चा दांडा आणि गोल, मग 'र', मग काना, मग 'व', आणि शेवटी वरची रेघ. माझ्या हाताला हा शब्द लिहिताना पाच-सहा वेळा उचल घ्यावी लागते. इंग्रजीतलं जोडअक्षरी वळण एका दमात शब्द संपवतं. आपल्याकडेही पूर्वी दप्तरात भराभर लिहिण्यासाठी मोडी होती. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं लिहीत जायची. तिची सगळी घडणच घाईच्या लेखनासाठी. बाळबोध लिपीत ती सोय नाही. म्हणजे एका पानावर आपलं पेन शेकडो वेळा कागदावरून उठतं आणि शेकडो वेळा पुन्हा टेकतं. त्या प्रत्येक टेकण्याला शाई हजर पाहिजे. रोज मराठीत टिपणं काढणाऱ्यानं पेनात पहिल्यांदा हीच गोष्ट बघावी असं माझं ठाम मत आहे. दिसणं, वजन, सोन्याची निब, हे सगळं त्यानंतर.

शाई हजर राहते कशी, तेही समजून घेऊ. निब उलटी केलीत तर तिच्या पोटाशी काळी जीभ दिसते. तिच्यावर केसासारखे बारीक चर असतात. शाई त्या चरांतून निबेच्या चिरेपर्यंत येते, आणि जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा त्याच वाटेनं आत शिरते. हवा आत आली नाही तर शाई अडते, जास्त आली तर ठिपका पडतो. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतलं ते या देवाणघेवाणीच्या युक्तीचंच. आजच्या जिभेला दोन्ही बाजूंनी कंगव्यासारखे दात असतात. हातातली ऊब लागून जादा शाई सुटली तर ती त्या दातांच्या फटींत थांबून राहते.

पेन अडण्याची कारणं मुख्यतः दोन. एक, उघडं राहिल्यानं चिरेतली शाई सुकणं. दुसरं, कारखान्यातच निबेच्या दोन्ही फाका आतल्या कडेनं नको तेवढ्या घासल्या जाणं. अशा निबेत शाई टोकाशी येऊन थांबते, कागदाला लागत नाही. थोडा दाब दिला की येते आणि आपल्याला वाटतं, चाललं पेन. पण रोज असंच दाबत लिहायचं तर बॉलपेन काय वाईट होतं? दुकानात निब टेकवल्याबरोबर, काही न दाबता, पहिली रेघ आली पाहिजे. आली नाही तर ते पेन परत ठेवा, दुकानदार 'वापरून सरावेल' म्हणाला तरी.

आता जाडी. बारीक निबेला एफ म्हणतात, मध्यम निबेला एम. पण जपानी कंपन्यांची एफ निब युरोपातल्या एफपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते, कारण तिकडे कांजीची, म्हणजे चिनी वळणाची, दाट अक्षरं छोट्या चौकटीत लिहायची असतात. आपलंही काम बरंचसं त्यांच्यासारखंच आहे. जाड, ओल्या निबेनं लहान अक्षर काढलं की 'ब'च्या पोटातली रेघ भरून जाते आणि 'ब' आणि 'व' दोन्ही सारखेच काळे गोळे दिसतात. अनुस्वार फुगून शिरोरेघेला जाऊन चिकटतो. आणि माझ्या कामात सगळ्यात भीती आकड्यांची. '१' आणि '९' यांची गाठ बुजली, तर १,००० रुपये आणि ९,००० रुपये यांत फरक कसा करायचा? म्हणून मी बारीक निब वापरतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. तुमचं अक्षर मोठं, टपोरं असेल तर मात्र मध्यम निब खुशाल घ्या. बारीक निब थोडी खरखरते, मध्यम निब सुळकन जाते, आणि तो आनंद मोठ्या अक्षराला परवडतो.

नावं घ्यायची झाली तर प्लॅटिनम कंपनीचं प्रेपी हे साधं, पारदर्शक प्लॅस्टिकचं जपानी पेन काहीशे रुपयांत मिळतं. त्याच्या टोपणात आणखी एक आतलं टोपण असतं, स्प्रिंगवर बसवलेलं. पेन बंद केलं की ते निबेला घट्ट झाकून घेतं. महिनाभर खणात पडून राहिलेलं माझं प्रेपी पहिल्याच रेघेला लिहितं झालं, तेव्हा मी ते हातात फिरवून फिरवून बघितलं होतं. त्याचं प्लॅस्टिक नाजूक, टोपणाला तडा जाऊ शकतो, एवढं लक्षात ठेवा. पायलटचं मेट्रोपॉलिटन अंगानं धातूचं, खिशात राहायला दणकट, निब बारीक आणि भरवशाची. जर्मनीच्या लॅमीचं सफारी १९८० पासून आहे. त्याची पकड तिकोनी असते, बोटांना तिथेच बसावं लागतं. पेन धरायला नुकतंच शिकणाऱ्याला ते बरं. माझ्या पकडीला ती धार टोचते, म्हणून मी ते पुतण्याला दिलं, आणि तो त्याच्यावर खूश आहे.

या तिन्ही पेनांची टोपणं दाबून बसतात. आट्यांचं टोपण शाई जास्त सांभाळतं, पण उघडायला एक-दोन फेरे फिरवावं लागतं, तेवढ्यात सूचकाचं नाव बोलून होतं. बोलण्यासोबत लिहिणाऱ्यानं दाबून बसणारं टोपणच घ्यावं. टोपणच नको असेल तर पायलटनं १९६३ साली कॅपलेस काढलं, खटका दाबला की निब बाहेर, पुन्हा दाबला की आत. टिपणं काढणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही, पण किंमत दहा हजारांच्या पुढे जाते. पहिलं पेन म्हणून मी ते कुणालाच सांगत नाही.

आता आपली ड्रॉपरनं भरायची पेनं. माझा जीव त्यांच्यात अडकलेला आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे रत्नम यांनी स्वदेशी पेनं घडवायला घेतली, त्यातलं एक गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या हाती गांधीजींकडे वर्ध्याला पोचलं. १९३५ साली गांधीजींनी त्यांना पत्र लिहून कळवलं, की मी ते वापरलं, आणि बाजारातल्या परदेशी पेनांना तो चांगला पर्याय वाटतो. अशी एबोनाइटची पेनं आजही आपल्या देशात हातानं घडतात. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. हाताला ते थंड लागत नाही, आणि त्याची जीभ शाई चांगली धरते. पोटात दोन-तीन मिलिलिटर शाई सहज मावते. परदेशी पेनांसोबत मिळणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे शाई ओढून घेणाऱ्या छोट्या नळीत, ती एक मिलिलिटरच्याही आत असते. परीक्षेच्या दिवसांत हा फरक कळतो.

पण या पेनांची एक खोड आहे, ती आधीच माहीत हवी. शाई निम्म्याच्या खाली गेली की वरची जागा हवेनं भरते. हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला पुढे लोटते. मग ऐन ओळीत टपकन थेंब. शाळेत असा थेंब पडला की आम्ही त्याच्यावर खडू लोळवायचो, खडू निळा होत जायचा. यावर इलाज साधा: निम्मी संपली की भरून टाकायची, रिकामी व्हायची वाट बघायची नाही. आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात लावायचा, म्हणजे तिथून पाझरत नाही.

शाईबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. आमच्या कार्यालयातली प्रोसिडिंग बुकं वरच्या फळीवर होती, ती वाचली. कच्ची वही मात्र टेबलाच्या खणात राहिली होती. पाणी ओसरल्यावर चिखलातून ती काढली, धुतली, आणि घरी वर्तमानपत्रावर एकेक पान वेगळं करून पंख्याखाली वाळवली. जुनी पानं पर्मनंट काळ्या शाईची होती. कडांना ती पसरली होती, पण वाचता येत होती. सगळ्यात अलीकडच्या सभेची चार पानं, जी मी अजून पक्की उतरवली नव्हती, ती धुण्यानं जाणाऱ्या निळ्या शाईत लिहिलेली होती. तेवढ्याच दिवसांपुरती काळी दुकानात मिळाली नव्हती. त्या पानांवर फिकट निळा ढग होता, आणि कुठे कुठे एखादा काना. सूचक कोण, अनुमोदक कोण, किती रकमेला मंजुरी, काही उरलं नव्हतं. ज्यांची स्वतःची घरं चिखलानं भरली होती त्या माणसांना फोन करून मला विचारावं लागलं, त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात. ते फोन करताना मला झालेला संकोच अजून आठवतो.

तेव्हापासून ज्याची नोंद राहायला हवी ते मी पर्मनंट शाईतच लिहितो. धुण्यानं जाणारी निळी, म्हणजे रॉयल ब्लू, दिसायला गोड, पेनाला सौम्य, कपड्यावरून निघते. शाळकरी मुलांना तीच द्या. शाईचा आणि मराठी माणसाचा जुना संबंध आहे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड बनवायला घेतली, तीच पुढे कॅम्लिन झाली, आणि तिच्या बाटल्या आपल्या कितीतरी घरांत दिसायच्या. फक्त बाटलीवरचं नाव नीट वाचा. चित्रकलेची, लाखयुक्त इंडिया इंक शाईपेनात कधीही घालू नका. ती जिभेच्या चरांत वाळली की पेन गेलंच म्हणून समजा. पर्मनंट शाई वापरणाऱ्यानं तीन आठवड्यांनी एकदा निब साध्या पाण्यात धुवावी, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. पाणी गरम नको.

कागदाचं लवकर आटोपतो. सत्तर जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा, हाताला गुळगुळीत लागणारा कागद पुरे होतो. पण एकाच नावाच्या वहीचा कागदही वर्षावर्षाला बदलतो. एकदा मी डझनभर वह्या एकदम घेतल्या आणि जूनपासून प्रत्येक अक्षराला मुळ्या फुटायला लागल्या. तेव्हा आधी एकच वही घ्या. आणि कोकणातल्या माझ्या श्रोत्यांनो, पावसाळ्यात कागद दमट असतो, तेव्हा शाई फुटली तर लगेच पेनाला दोष देऊ नका. वही रात्री कपाटात, कपड्यांच्या घडीत ठेवा आणि सकाळी पुन्हा लिहून बघा.

तर दुकानात जाताना ही वही सोबत न्या. दुकानदार चकचकीत कागदाचा तुकडा पुढे करेल, त्याच्यावर कोणतंही पेन छान चालतं. तुम्ही तुमच्या वहीवर लिहा. 'ठराव', 'अनुमोदक', 'ब व ब व', आणि १ ते ९ आकडे, तुमच्या नेहमीच्या घाईत, नेहमीच्या आकारात. मग टोपण न लावता पेन तसंच हातात धरा आणि दुकानदाराशी दोन मिनिटं बोला. मुलाबाळांची चौकशी करा. आणि मग, न झटकता, पुन्हा 'ठ' काढा. वरचा दांडा उमटला का बघा.

उद्या आमची मासिक सभा आहे. विषयपत्रिकेवर ११ विषय आहेत. पेन मी आत्ताच भरून, निब वर करून दौतीशेजारी उभं ठेवलं आहे.

नमस्कार.