कापसाच्या तेजीतला मनोरा

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईच्या ओव्हल मैदानात कधी पंधरा मिनिटं थांबलात, तर राजाबाई टॉवरचं घड्याळ एकदा तरी वाजेलच. मैदानात क्रिकेटचे पाच-सहा सामने एकमेकांत घुसलेले असतात, त्या आरडाओरड्यात ते ऐकू यायला हवं, एवढंच. इंग्रजांच्या काळात या घड्याळात सोळा सुरावटी होत्या. दिवसातून चार वेळा त्या बदलायच्या आणि त्यांत साहेबाचं राष्ट्रगीतही होतं. आता एकच सुरावट उरली आहे. राष्ट्रगीत गेलं ते बरंच झालं, बाकीच्या सुरावटींची मात्र मला चुटपुट लागते.

हा मनोरा उभा राहिला तो कापसाच्या पैशावर. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे हेच कळेना. मग निघाल्या कंपन्या. त्यातली सगळ्यात गाजलेली बॅकबेची. बॅकबे म्हणजे शहराच्या पश्चिमेचा समुद्र. समुद्रात भराव घालून जमीन काढायची, अशी तिची योजना. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती, बरं का!

या सगळ्या खेळाचे राजे होते सुरतेचे प्रेमचंद रायचंद. तेव्हा त्यांचं वय जेमतेम तेहेतीस. त्याच भरात, 1864 साली, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला नाव द्यायचं ते आईचं, राजाबाईचं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि 1 जुलै 1865 या, वायद्यांचे पैसे चुकते करायच्या दिवशी अर्ध्या बाजाराचं दिवाळं निघालं. प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत. विद्यापीठाच्या पदरात पडलेलं दान मात्र राहिलं.

लोक सांगतात, राजाबाईंना दिसत नव्हतं आणि सूर्यास्ताआधी जेवायचा जैनांचा नेम पाळता यावा म्हणून मुलाने घड्याळ बांधून दिलं. गोष्ट गोड आहे. पण प्रेमचंदांचा बंगला भायखळ्याला, इथून चार-पाच किलोमीटरवर. टोल तिथवर पोचत असतील का, हे तुम्हीच ठरवा.

आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. हे गृहस्थ मुंबईत कधी आलेच नाहीत, कागद तेवढे आले. काम 1869 ला सुरू झालं आणि 1878 ला संपलं. उंची 280 फूट, त्या काळच्या मुंबईत सगळ्यांत जास्त. तळाशी गाडी थांबायची कमानदार देवडी, दोन्ही अंगांना ग्रंथालय आणि आत वर चढत जाणारा गोल जिना. खाली चौकोनी असलेला मनोरा वर जाता जाता अष्टकोनी होतो. दगड कुर्ल्याचा, पिवळसर. ग्रंथालयाच्या खिडक्यांना रंगीत काचा आहेत. ऊन कललं की त्यांचे रंग आत उतरतात, आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं पुस्तकातून डोकंही वर काढत नाहीत.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतात ते वरचे पुतळे. गोथिक, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या धाटणीच्या, मनोऱ्यावर संत-देवदूत असायचे, तर इथे पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींची 24 माणसं आपापल्या वेशात उभी आहेत. त्यांचे नमुने केले इथल्याच एका अभियंत्याने, रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. लंडनच्या कागदावर मुंबईची माणसं चढली ती अशी. खालून ती बोटभर दिसतात, तेव्हा जाल तर दुर्बीण घेऊन जा. वर जायला सामान्यांना परवानगी नाही.

आणि एकदा मैदानाच्या पलीकडेही बघा. टॉवर पुरा झाला तेव्हा ओव्हलच्या पश्चिमेला रेल्वेचे रूळ होते आणि त्यापुढे थेट समुद्र. प्रेमचंदांच्या पिढीला जो भरायचा होता, तोच. तो भरायला पुढे पन्नासेक वर्षं गेली आणि 1930 च्या दशकात तिथे आर्ट डेको, म्हणजे त्या काळच्या आधुनिक धाटणीच्या, घरांची रांग उठली. 2018 साली युनेस्कोने मैदानाच्या या दोन्ही बाजू एकत्रच जागतिक वारशात घेतल्या. बॅकबेची जमीन शेवटी निघाली ती अशी, राजाबाईंच्या डोळ्यांसमोर.