चुली वेगळ्या, कर्ता एक

मंडळींनो, नमस्कार.

आज ताटात आलेलं बरंचसं सामान स्वीडनचं आहे. तिकडे स्वस्त पडतं, म्हणून आपले कार्यकर्ते शनिवारी नॉर्वे-स्वीडन सीमेवरचा स्विनेसुंदचा पूल ओलांडून गेले आणि संध्याकाळी पिशव्या घेऊन परतले. १९०५च्या सप्टेंबरात याच सीमेच्या दोन्ही बाजूंना सैन्य उभं होतं.

नेपोलियनची बाजू घेतलेल्या डेन्मार्कने हरल्यावर, जानेवारी १८१४च्या कीलच्या तहात, आपल्या ताब्यातला नॉर्वे स्वीडनला देऊन टाकला. नॉर्वेला कुणी विचारलंसुद्धा नाही. मग नॉर्वेतल्या एड्सव्होल गावी ११२ प्रतिनिधी जमले आणि १७ मे रोजी त्यांनी स्वतःची राज्यघटना केली. उन्हाळ्यात स्वीडनशी छोटीशी लढाई झाली, मॉस गावी तडजोड झाली आणि दोन्ही देशांची युती ठरली. संसद, कायदे, तिजोरी, सैन्य ज्याचं त्याचं; राजा मात्र एक, आणि परराष्ट्र व्यवहार स्टॉकहोमच्या हाती. चुली वेगळ्या, कर्ता एक! असं घर ९१ वर्षं चाललं हेच नवल.

१८४४पासून झेंड्याच्या कोपऱ्यात दोन्ही देशांचे रंग एकत्र केलेली खूण आली. लोक तिला 'सिल्डेसलात' म्हणायचे, म्हणजे हेरिंग माशाची कोशिंबीर.

शेवटचं भांडण १९०५ साली जुंपलं ते परदेशी बंदरांतल्या वाणिज्य दूतांवरून. नॉर्वेची जहाजं जगभर फिरत होती, त्यांना आपले स्वतःचे दूत हवे होते. संसदेने तसा कायदा केला, राजा दुसऱ्या ऑस्करने मंजुरी नाकारली, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. राजा म्हणाला, मला दुसरं मंत्रिमंडळ बनवता येत नाही. पंतप्रधान मिकेल्सन पेशाने वकील. त्यांनी हा शब्द बरोबर पकडला. ७ जूनचा ठराव वाचाल तर हसू येईल: मंत्र्यांनी कारभार पुढे चालवावा, हे मुख्य वाक्य, आणि राजाचं काम थांबल्यामुळे स्वीडनशी असलेली युती संपली आहे, हे त्यातच जाता जाता. घर मोडलं ते एका पोटवाक्यात!

ऑगस्टमध्ये सार्वमत झालं. वेगळं होण्याच्या बाजूने ३,६८,२०८, विरोधात १८४. (मला त्या १८४ जणांना एकदा भेटायचं होतं.) बायकांना मत नव्हतं, म्हणून त्यांनी लाखांनी सह्या गोळा केल्या. पुढे कार्लस्टाडच्या बोलण्यांत नॉर्वेला सीमेवरचे किल्ले मोडणं कबूल करावं लागलं. अनेकांना ते झोंबलं, पण सैन्य मागे फिरलं.

आता आपल्या ऑस्लोच्या मुख्य रस्त्याचं नाव बघा: कार्ल योहान. हा मूळचा फ्रेंच सेनानी, नंतर स्वीडन-नॉर्वेचा राजा. १७ मे साजरा करणं त्याला अजिबात खपत नसे. १८२९ साली त्याच दिवशी इथल्या चौकात जमलेल्या लोकांवर घोडदळ धाडलं गेलं. तरी रस्त्याचं नाव कुणी बदललं नाही, राजवाड्यापुढचा त्याचा घोड्यावरचा पुतळाही हलवला नाही. मागच्या १७ मेला मिरवणूक संपल्यावर आपली पोरं त्याच पुतळ्याखाली आइस्क्रीम खात बसली होती.