४६ राहिला

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी. विषय होता ‘ऑटिझम : विकार की वेगळेपण?’ पत्रिकेत ‘विकार की वेडेपण’ असं छापून आलंय. मुद्रितशोधकाने माझं निम्मं व्याख्यान आधीच देऊन टाकलं. (हशा)

आधी एक तक्रार. ऑटिझम असलेल्याला मराठीत ‘स्वमग्न’ म्हणतात, तो शब्द मला पटत नाही. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, यावरून ‘ऑटिझम’ घडवला, तोही स्किझोफ्रेनियासाठी. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो त्या अकरा मुलांचं वर्णन करताना तोच उचलला आणि आपण त्याचं इमानेइतबारे मराठी केलं. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. स्वतःत त्याला काडीचा रस नाही. शर्ट उलटा घातलाय याचाही पत्ता नसतो. पण सोसायटीच्या पाण्याच्या मोटरचा आवाज जरा बदलला की दोन जिने उतरून खाली धावतो. बेअरिंग गेल्याचं दोनदा वॉचमनच्या आधी त्याने सांगितलंय. फार तर मोटरमग्न म्हणा!

आता दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचा किस्सा. बायको तिसऱ्या रांगेतून ‘पुरे’ अशी खूण करतेय, तरी सांगतो.

तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा. सरकारी रुग्णालय, नाव कशाला घ्या. साडेआठला केसपेपर काढला, टोकन ४७. शिपायाने ४५ नंतर एकदम ४९ पुकारला. हा उठला, “४६ राहिला.” शिपाई म्हणाला, “ए, बस खाली.” “४६ राहिला.” असं अकरा वेळा. मी मोजत होतो, कारण दुसरं काही हातात नव्हतं. ४६ नंबरच्या आजी बाकावर झोपल्या होत्या. जाग्या झाल्यावर त्यांनी त्याला राजगिऱ्याची वडी दिली. आम्ही बारा वाजता आत गेलो. ऑटिझम किती आहे ते मोजायची ‘इसा’ नावाची आपली भारतीय मोजपट्टी आहे, चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण. पहिलीच बाब नजरेला नजर देण्याची. तज्ज्ञांनी ती विचारली फॉर्मकडे बघत, उत्तरही लिहिलं फॉर्मकडेच बघत. मला हसू फुटलं, बायकोने चिमटा काढला. पुढच्या टेबलावर क्लार्क म्हणाला, “चाळीस टक्के दिव्यांगत्व बसतंय का बघा, नाहीतर काही उपयोग नाही.” आणि वेगळेपणावर तावातावाने बोलणारा हा गृहस्थ हात जोडून म्हणाला, “साहेब, पन्नास टाका की.”

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे आता मूळ विषय.

विकार म्हटलं की कागद मिळतो. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम आला, २०१६च्या कायद्यातल्या एकवीस दिव्यांगत्वांत आला, म्हणून परीक्षेत जादा वेळ मिळाला. हे सोडायला मी तयार नाही. पण तो कागद कपाटात राहू दे. अमेरिकेच्या २०१३च्या डीएसएममध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या पोथीत, ऑटिझमच्या तीन पातळ्या आहेत, त्या मदत किती लागते यावर ठरतात. टोकनं ओळीने पुकारली असती, तर त्या सकाळी आमच्या मुलाला कसली मदत लागली असती?

दुसरी बाजूही आहे. पालकगटातल्या एका ताईंची मुलगी बोलत नाही, भिंतीवर डोकं आपटते, फिट्स येतात. त्यांच्यासमोर मी एकदा ‘हे नुसतं वेगळेपण’ म्हणालो. त्या म्हणाल्या, “रात्री तीनला घरी या, मग बोलू.” मी गेलो नाही. फिट्स हा आजारच, औषध हवंच. डोकं आपटण्यामागे कधी साधी दाढदुखी निघते, सांगता येत नाही म्हणून आपटणं. तेही शोधायला हवं. पण हात फडफडवणं, नजर चुकवणं, तेच ते वाक्य बोलणं, याला कशाला इलाज? पोराला कशाचा त्रास होतो आणि आपल्याला कशाचा कंटाळा येतो, एवढी रेघ मी मारतो. डॉक्टर मंडळी ती आणखी बारीक मारतील.

घंटा झाली. नोकरीचा मुद्दा राहिला. तो चहाच्या वेळी विचारा, आणि मला नको, त्यालाच विचारा, तो तिथेच असेल. फक्त चहाच्या रांगेत मधे घुसू नका.